पाच वर्षांची म्हातारी

आमच्याकडे खानदेशात कोण केव्हा म्हातारे होते याचे ठोकताळे ठरलेले आहेत. केळीचे झाड एक घड देते आणि म्हातारे होते. बैल बारा-चौदा वर्षे ओढतो. वरणगावच्या आयुध निर्माणीतला माणूस साठाव्या वर्षी गळ्यात हार घालून फाटकाबाहेर येतो आणि मग पुढली वीस वर्षे 'आमच्या वेळी' या दोन शब्दांवर सुखाने काढतो. परंतु पाच वर्षांची, अंगावर ओरखडा नसलेली, दर दसऱ्याला झेंडूची माळ ल्यालेली मोटार म्हातारी झाली, असे कोणी पूर्वी सांगितले असते तर मी हसलो असतो. २०२५च्या मे महिन्यात मला ते सांगण्यात आले आणि मला हसू आले नाही.

सांगणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. कंपनीच्या सेवाकेंद्रात, काचेच्या टेबलामागे, गळ्यात पट्टी अडकवून बसला होता. तो म्हणाला, "सर, तुमचं मॉडेल आता अपडेटसाठी एलिजिबल नाही." मी मराठीचा प्राध्यापक, 'एलिजिबल'ला मी मनातल्या मनात 'पात्र' हा शब्द बसवला, आणि आपली गाडी अपात्र ठरली आहे हे ध्यानात यायला थोडा वेळ गेला. अपात्र ठरण्याचा मला अनुभव नाही असे नाही. सेटच्या परीक्षेने मला दोनदा अपात्र ठरवले होते. पण दर वेळी मी आणखी चार पुस्तके वाचून पुन्हा बसू शकत होतो. गाडीला ती सोय नव्हती.

गाडी खरे तर माझी नव्हे, नानांची. नाना माझे चुलते. आयुध निर्माणीत त्यांनी अडतीस वर्षे काढली, तीही तपासणीच्या कामात. बंदुकीच्या गोळ्यांच्या प्रत्येक लॉटची नोंद, नमुने, मोजमापे, सह्या, यांत त्यांचा जन्म गेला. हा कारखाना १९६४ सालचा. २०२१च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला. नाना त्याआधीच, २०१८ साली, बाहेर पडले होते. त्यामुळे कारखान्याचे नाव बदलले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "नाव बदलू दे. लॉटचा कागद ठेवतात ना अजून?"

निवृत्तीच्या पैशांतून नानांनी २०२०च्या दसऱ्याला विजेवर चालणारी मोटार घेतली, तेव्हा गाव बघायला लोटले. एकाने वाकून सायलेन्सर कुठे आहे ते शोधले. दुसऱ्याने गाडी सुरू आहे की बंद हे कळत नसल्याने तिच्या पुढ्यातच विडी पेटवली. काकूंना तिचा आवाज न होण्याचा गुण फार आवडला. घरात तेवढी एकच वस्तू गप्प बसणारी आहे, असे त्या नानांकडे पाहून म्हणाल्या. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमचे भांडण अजून मिटलेले नाही, आणि चालू भांडणात नाव घेऊ नये असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे.

नानांना त्या गाडीतले काय आवडले असेल, तर तिचे मोबाइलवरचे अ‍ॅप. रात्री जेवण झाले की ते ओसरीवर बसत, चष्मा पुसत आणि मोबाइलवर गाडीची नाडी बघत: चार्ज किती टक्के, किती किलोमीटर जाईल, दार कुलूपबंद आहे की नाही. गाडी समोर पंधरा पावलांवर उभी असे. "नाना, उठून बघा ना," मी म्हणे. "डोळ्यानं बघणं वेगळं आणि रिपोर्ट येणं वेगळं," ते म्हणत. तपासनिसाला रिपोर्ट लागतो.

पहिली दोन-अडीच वर्षे मोठी सुखाची गेली. पहाटे दारी वासुदेव येऊन जावा तसे अपडेट येऊन जात. सकाळी गाडीत बसावे तर पडद्यावर काही नवेच दिसे. एकदा तर उतारावर ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत भरण्याचे प्रमाण कमी-जास्त करता येऊ लागले. जन्माला आल्यानंतर शहाणी होत जाणारी मोटार नानांनी कधी पाहिली नव्हती. मला विचाराल तर मीही नाही. मोटार सोडाच, माझ्या पाहण्यातली फार थोडी माणसे तशी आहेत.

आणि हे सर्वत्र वाईटच चालते असे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीला २०२२च्या जुलैत नव्या सोयी आल्या, तेव्हा जुन्या बावीस हजारांहून अधिक मालकांनाही त्या सॉफ्टवेअरमधून फुकट देण्याचे कंपनीने जाहीर केले. २०२३च्या आरंभी त्यांच्याच मॅक्स गाडीचा कागदोपत्री पल्ला केवळ सॉफ्टवेअर सुधारून ४३७वरून ४५३ किलोमीटरवर नेला, आणि तोही जुन्या मालकांना मिळाला. पुढे २०२३च्या सप्टेंबरात जी नवी नेक्सॉन आली, तिच्या बॅटरीतली वीज बाहेर काढून दुसरे यंत्र चालवता येऊ लागले. ते मात्र जुन्या गाडीत नुसते सॉफ्टवेअर घालून होणारे नाही. त्याला आतली यंत्रसामग्रीच वेगळी लागते. हा भेद मला मान्य आहे. जुन्या वाड्याला लिफ्ट बसत नाही म्हणून कोणी मूळ बांधणाऱ्याला शिव्या देत नाही. पण वाड्याचे जिने रात्रीतून निकामी झाले तर?

आमचे तसे झाले. २०२३च्या अखेरीपासून वासुदेव यायचा थांबला. पुढे एके दिवशी कंपनीने नवे अ‍ॅप काढले, जुने बंद केले. नव्या अ‍ॅपमध्ये नानांनी गाडीचा क्रमांक घातला, तर ते म्हणे 'वाहन आढळले नाही'. वाहन समोर पंधरा पावलांवर उभे. नानांनी तीनदा क्रमांक घातला, चौथ्यांदा माझ्याकडून घालून घेतला, पाचव्यांदा माझ्या मुलीकडून. मग मोबाइल खिशात ठेवला. त्या रात्री ते ओसरीवर बसले नाहीत.

एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. अ‍ॅपवाचून मनुष्य जगतो. पण त्याच वर्षी नानांची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस सुरू झाले. इथून जळगाव चाळीस किलोमीटर. सकाळी जायचे, चार तास यंत्राला टेकून बसायचे आणि पिळून काढलेल्या उसासारखे परत यायचे. बसने जाणे शक्य नव्हते. गाडीचा मुख्य उपयोग आता हाच झाला. मला ज्या दिवशी तास नसतील त्या दिवशी मी चालवी, एरवी त्यांचा मुलगा. वीज रात्री घरच्या मीटरवर भरायची. पेट्रोलच्या मानाने खर्च किरकोळ. आजारपणाने घर पोखरायला घेतलेले असताना त्या गाडीने आम्हांला केवढा हात दिला हे आमचे आम्हांस ठाऊक.

आता मे महिन्यातला तो दिवस सांगतो. वैशाखातले भुसावळ ज्याने पाहिले नाही त्याला ऊन म्हणजे काय हे मी शब्दांत सांगू शकणार नाही, पंचवीस वर्षे मराठी शिकवूनही. पारा पंचेचाळिसाच्या पुढे. आदल्या रात्री वीज गेलेली, त्यामुळे गाडी पुरती भरली नव्हती. सकाळी चौसष्ट टक्क्यांवर निघालो, एकेचाळीसवर जळगावला पोचलो. हिशेब साधा होता: जायला तेवीस, यायला तेवीस, घरी पोचू तेव्हा अठरा उरतील. तरी सावधपणा म्हणून नानांना आत सोडून मी एका नव्या चार्जिंग केंद्रावर गेलो. नळी लावली. चार्जरने गाडीला काही विचारले, गाडीने काही उत्तर दिले, ते चार्जरला पटले नाही आणि लाल दिवा लागला. तीनदा तसेच. तिथला मुलगा म्हणाला, "जुनं व्हर्जन आहे सर, याच्याशी बोलत नाही." माझ्या नात्यात असे दोन भाऊ आहेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही.

परत निघालो. साकेगाव आले, वाघूर ओलांडली, सारे ठीक. भुसावळच्या अलीकडे बावीस टक्के. भुसावळ मागे पडले आणि बावीसाचे एकवीस न होता एकदम सहा झाले. पडद्यावर कासवाचे चित्र उमटले. कासव म्हणजे गाडी आता जीव राखून चालणार. मी वारा थंड करणारे यंत्र बंद केले, काचा खाली केल्या. भट्टीचे दार उघडावे तसे झाले. मागे नाना डोळे मिटून पडलेले. आणि गाडी जिथे अगदी थांबली ती जागा कोणती असेल? दीपनगर. समोर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडीत उभ्या. त्यांतले दोन संच तर पाचपाचशे मेगावॅटचे. अर्ध्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या त्या दारात आमची गाडी विजेवाचून उपाशी मेली होती. नानांनी डोळे उघडले, चिमण्यांकडे पाहिले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का रे, मास्तर?"

त्या वेळी मला विनोद सुचत नव्हता. ज्याचे रक्त नुकतेच यंत्रातून धुऊन काढले आहे असा सदुसष्ट वर्षांचा माणूस, रस्त्यावर सावली नाही, आणि घर अवघ्या काही किलोमीटरवर. मी रस्त्यात उभा राहून हात करू लागलो. तिसऱ्या गाडीत नानांच्या कारखान्यातलेच एक जुने सहकारी निघाले. त्यांनी नानांना उचलून घरी नेले. चार जणांनी ढकलून मोटार मी जवळच्या एका पिठाच्या गिरणीपाशी नेली. गिरणीवाल्याच्या भिंतीत पंधरा अँपियरचे दणकट सॉकेट होते. गाडीच्या डिकीतली वायर त्यात खोचली. तिथे नळीही नव्हती, संभाषणही नव्हते, व्हर्जनही नव्हते. तासाभरात तीनेक युनिट वीज गेली आणि तेवढ्यावर मी घरी आलो. गिरणीवाल्याने पैसे घेतले नाहीत. "ज्वारीचं एक दळण समजा," म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात नाना आणि मी त्या सेवाकेंद्रात गेलो. तिथल्या संवादाचा आरंभ वर दिलाच आहे. पुढे तो मुलगा म्हणाला, की बॅटरीचा अंदाज बांधण्याचा सुधारलेला प्रोग्रॅम कंपनीने काढला आहे, पण आमच्या पहिल्या तुकडीच्या गाड्यांतला संगणक त्याला पेलत नाही. त्यासाठी आख्खी पेटी बदलावी लागेल, आणि त्या पेटीची त्याने सांगितलेली किंमत मी इथे लिहिली तर दिवाळीच्या अंकाला ते शोभणार नाही. "त्यापेक्षा काका, एक्स्चेंजमध्ये नवी घ्या. ही आता जुनी झाली." नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाच वर्षांची ही जुनी, तर मग माझं काय करायचं बाळा? माझ्यासाठी आहे का काही अपडेट?" मुलगा बिचारा लाजला. मनाने चांगला असावा. आम्ही उठलो तेव्हा तो बाहेर गाडीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "काका, आठवड्यातून एकदा तरी शंभर टक्के भरत जा. नव्या गाड्यांत पडद्यावर तसा मेसेज येतो. तुमच्यात येत नाही."

हे ऐकून मी थक्क झालो. का, ते नीट सांगतो. विजेच्या गाडीत किती वीज उरली आहे हे पेट्रोलच्या टाकीसारखे काठी बुडवून मोजता येत नाही. संगणक ते अदमासाने सांगतो. आपल्याकडे पीक उभे असताना तलाठी नजर पैसेवारी लावतो तसे. आमच्या गाडीतली बॅटरी लोह-फॉस्फेट जातीची आहे. तिचा गुण असा, की ती उन्हातान्हात टिकाऊ. दोष असा, की ऐंशी टक्के भरलेली असो की तीस टक्के, तिचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. सुखदुःखे समे कृत्वा! तेव्हा दाबावरून काही कळत नाही, म्हणून संगणक आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करीत बसतो. अशा हिशेबात रोज दमडीची चूक राहते आणि दमड्यांचे रुपये होतात. ती चूक निघते ती गाडी पुरती भरली म्हणजे, कारण शंभर टक्के कुठे आहे हे तेवढे तिला नक्की ओळखता येते. आम्ही काय करीत होतो? 'बॅटरी ऐंशीच्या वर भरू नये' असे कोणी जाणत्याने सांगितले, ते वेदवाक्य धरून दोन वर्षे ऐंशीलाच थांबत होतो. इतर जातीच्या बॅटरीला तो उपदेश बरोबर असेल. आमच्या जातीला तो मानवला नाही. बावीसाचे एकदम सहा झाले ते गाडी बिघडली म्हणून नव्हे, तर दोन वर्षांचा हिशेब कोणी ताळ्यावर आणला नव्हता म्हणून.

म्हणजे पेटीचा खर्च, प्रोग्रॅम, तुकडी हे सारे बाजूला ठेवले तरी आम्हांला जे मिळायला हवे होते ते एक वाक्य होते. 'आठवड्यातून एकदा गाडी पूर्ण भरा.' पाच शब्द! एका पोस्टकार्डावर मावले असते. ज्या कंपनीने विक्रीच्या वेळी नानांना सतरा संदेश पाठवले, त्या कंपनीला हे पाच शब्द पाठवावेसे वाटले नाहीत. कारण त्यांच्या वहीतून ती गाडीच निघून गेली होती.

मी या गोष्टीवर बरेच दिवस विचार करीत राहिलो. जुने मागे पडते याचे मला वावडे नाही. माझा धंदाच मुळी मागे पडलेल्यांच्या सहवासात राहण्याचा आहे. माझ्या आजोबांना मोडी येत असे. शाळांतून मोडी गेली आणि त्यांचे अक्षर त्यांच्या हयातीतच परके झाले. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने स्वीकारले आणि मराठीतले कितीतरी अनुस्वार एका फटक्यात उडाले. वडिलांना ते सुटलेले टिंब शेवटपर्यंत टोचत राहिले. पण आजोबांच्या ट्रंकेतले मोडी दस्तऐवज कोणी रात्री येऊन कोरे केले नाहीत. घरातल्या जुन्या पुस्तकांवरचे अनुस्वार नियम आले म्हणून गळून पडले नाहीत. जमिनीचा जुना मोडी कागद आजही मोडी जाणणाऱ्याकडे नेला तर तो बोलतो. नव्याने जुन्याला मागे टाकले, पण जुन्याचा घास काढून घेतला नाही. (माझे स्वतःचे, पंचवीस वर्षांपूर्वी एका फाँटमध्ये टाइप केलेले प्रबंधाचे टिपण मात्र आज कुठल्याच संगणकावर उघडत नाही. तिथे अक्षरांऐवजी खिळे आणि चौकोन दिसतात. ते दुःख मी पत्नीखेरीज कोणाला सांगितलेले नाही; आज ओघात आले.)

मोटारींचेच पाहा. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी कारखान्यातून बाहेर पडायची थांबली त्याला दोन तपे होऊन गेली. तरीही तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मुंबईत २०२३च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत धावल्या. थांबल्या त्या वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून, कंपनीने तोंड फिरवले म्हणून नव्हे. गल्लीतला कोणताही मिस्त्री स्क्रू पिळून, तार गुंडाळून तिला उभी करी. तिचे ज्ञान तिच्या कंपनीपेक्षा मोठे झाले होते. आमच्या नानांच्या गाडीचा एक स्क्रूही भुसावळचा मिस्त्री पिळू शकत नाही असे नाही. तो पिळतो, गाडी म्हणते, 'तुला ओळखत नाही.'

याबाबत आम्ही एकटे नाही हे मला वाचनातून कळले, आणि दुःखात तेवढाच आधार वाटला. इंग्लंडात निसान कंपनीच्या जुन्या लीफ गाड्यांचे अ‍ॅप १ एप्रिल २०२४पासून बंद झाले. तारखेमुळे काहींना थट्टा वाटली असेल, पण तिथली जुनी मोबाइल यंत्रणा पुढे बंद होणार म्हणून ते केले होते. थंडीत घरात बसून गाडी ऊबदार करण्याची त्यांची सोय गेली. अमेरिकेत त्याच्या दोन वर्षे आधी, २०२२च्या फेब्रुवारीत, एका मोठ्या कंपनीचे थ्रीजी जाळे उठले आणि त्यावर बोलणाऱ्या कितीतरी मोटारी मुक्या झाल्या. सर्वांत शोचनीय कथा फिस्करची. ही कंपनी २०२४च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली. जगभर तिच्या हजारो नव्याकोऱ्या गाड्या रस्त्यावर आणि सॉफ्टवेअर सुधारायला कोणी वाली नाही. तेव्हा मालकांनीच आपली संघटना बांधली, आपल्यातले जाणकार शोधले आणि गाड्या जिवंत ठेवण्याचा खटाटोप आरंभला. आपल्याकडे विहिरीचा मालक परागंदा झाला की गावकरी मिळून गाळ उपसतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या देशातली पहिली गाजलेली विजेची छोटी गाडी बंगळूरची रेवा. २००१ साली ती निघाली, लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने फिरली. २०१०मध्ये ती कंपनी महिंद्रांकडे गेली आणि २०१३च्या मार्चमध्ये तिची पुढची पिढी, ई-टू-ओ, बाजारात आली. तिच्यात एक मौजेची सोय होती. रस्त्यात चार्ज संपला तर मालकाने कळवायचे, आणि मग बॅटरीत दडवून ठेवलेला थोडा साठा, आठ-दहा किलोमीटरपुरता, दुरूनच मोकळा व्हायचा. संकटकाळी धावून येणारी ही युक्ती मला वाचताना फार आवडली. पण दीपनगरच्या उन्हात उभा राहिल्यापासून तिचे दुसरे अंगही दिसू लागले आहे. गाडी माझी, वीज माझ्या मीटरची, आणि शेवटचे आठ किलोमीटर मात्र दूरच्या कुणाच्या तरी मर्जीवर. आजीबाई डब्यात शेवटचा लाडू राखून ठेवते ते खरे, पण आजीच घर सोडून गेली तर डबा उघडायचा कोणी? ई-टू-ओचे उत्पादन २०१९मध्ये थांबले.

कंपनीचीही एक बाजू आहे, आणि वर्गात दोन्ही बाजू मांडायची सवय असल्याने ती मांडतो. प्रत्येक सुधारणा प्रत्येक जुन्या पेटीवर तपासून पाहावी लागते. चालत्या गाडीत सॉफ्टवेअर चुकले तर नुसता पडदा काळा होत नाही, माणूस जातो. जुन्या संगणकाची स्मृती तोकडी. त्यात नवे कोंबावे तर जुने बाहेर सांडते. हे सगळे खरे. पण मग विकतानाच सांगावे: ही गाडी इतकी वर्षे शहाणी राहील, त्यानंतर तिची तुम्ही काळजी घ्या, आणि कशी घ्यायची ते हे असे. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, बिस्किटांच्या पुड्यावर असते. बॅटरीची हमी आठ वर्षांची देतात. आर.टी.ओ. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची करते. सॉफ्टवेअर किती वर्षांचे, ते नानांच्या कागदपत्रांत कुठेही लिहिलेले नाही. मी भिंग घेऊन वाचले.

केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने २०२२च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी एक समिती नेमली. तिने जी चार क्षेत्रे धरली त्यांत शेतीची अवजारे आहेत, मोबाइल आहेत, घरगुती उपकरणे आहेत आणि मोटारीही आहेत. त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे सरकारी पोर्टलही सुरू झाले. मी त्यावरून कंपनीला लिहिण्याचा पत्ता घेतला आणि एक पत्र लिहिले. पत्र चांगले उतरले होते. पत्नी म्हणाली, लग्नापूर्वीही तुम्ही इतके कळवळून लिहीत नव्हता. त्यात तीनच मागण्या केल्या: जुन्या गाड्यांची अ‍ॅपमधली नोंद परत द्यावी, नव्या चार्जरशी बोलण्यापुरती दुरुस्ती द्यावी, आणि ज्यांना काहीच देता येत नाही त्यांना निदान काळजीची सूचना छापील द्यावी. उत्तर चार मिनिटांत आले. 'आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे.' त्यानंतर आजपर्यंत काही आलेले नाही.

नानांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. सेवाकेंद्रातून परत आलो त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या मुलीकडून एक शंभर पानी वही मागून घेतली, फूटपट्टीने रकाने आखले आणि गाडीचा लॉटचा कागद सुरू केला. तारीख, किलोमीटर, निघतानाचे टक्के, पोचल्याचे टक्के, मीटरवरची युनिटे, बाहेरची उष्णता. डायलिसिसहून आल्यावर हात थरथरत असतो, त्या दिवशीचे आकडे वाकडे आहेत, पण चुकलेले नाहीत. दर रविवारी गाडी शंभर टक्के भरतात आणि त्या ओळीखाली लाल रेघ मारतात. जूनपासून टक्क्यांची उडी पडलेली नाही. जळगावच्या रस्त्यावर कोणत्या सॉकेटवर आमची गाडी वीज घेते आणि कोणत्या चार्जरशी तिचे जमत नाही, याची यादी शेवटच्या पानावर आहे. गिरणीचे नाव सर्वांत वर. सेवाकेंद्रातल्या त्या मुलाने सांगितलेले वाक्य नानांनी पांढऱ्या पट्टीवर लिहून स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवले आहे, तारखेसह. गंमत अशी, की शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे त्याच तुकडीची गाडी आहे. ते मागच्या पंधरवड्यात येऊन वहीच्या पानांचे फोटो काढून घेऊन गेले. त्या दिवशी नाना पुन्हा ओसरीवर बसले होते.

शंभर पाने आता संपत आली. दसऱ्यानंतर नाना स्वतः भुसावळच्या बाजारात गेले आणि व्यापाऱ्यांची लाल कापडी बांधणीची चोपडी घेऊन आले. येत्या लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडायची असे ठरले आहे. पहिल्या पानावर 'श्री' काढून झाला आहे. रकाने आखून झाले आहेत. जुन्या वहीत सहा होते, यात सात आहेत. सातवा रकाना चांगला रुंद, पण त्याला मथळा नाही.

"हा कशाला, नाना?" मी विचारले.

"तुझ्या पत्राचं उत्तर आलं, तर तारीख घालायला," नाना म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.